असिम्प्टोट दरवर्षी त्याच जागी चुकते: दुखणं कुठे आणि इलाज काय

अकरावीच्या कोणत्याही मुलाला पुढची दोन फंक्शन्स एकाखाली एक लिहून द्या आणि दोन्हींची असिम्प्टोट, म्हणजे आलेखाचा वक्र जिच्या हवा तितका जवळ जात राहतो ती सरळ रेषा, विचारा.

य = २^(क्ष − ३) + ५
य = लॉग(क्ष − ३) + ५

घात दाखवायला मी ^ ही खूण वापरते आहे. २^३ म्हणजे २ चा तिसरा घात, ८. पहिल्यासारख्या, घातात क्ष असलेल्या फंक्शनला घातांकी म्हणतात. लॉग म्हणजे उलटा प्रश्न: पायाचा कितवा घात घेतला की ही संख्या येते? पाया वेगळा सांगितला नसेल तर १० समजा.

मी सोलापुरात अकरावी-बारावीच्या मुलांना घरी गणित शिकवते. फंक्शन्सचा धडा आला की ही जोडी फळ्यावर लिहिते, आणि दरवर्षी उत्तरं तीच येतात. पहिल्याला कोणी य = ० लिहितं, कोणी क्ष = ३, कोणी य = ३. दुसऱ्याला य = ५ येतं, क्ष = ० येतं, क्ष = −३ सुद्धा येतं. बरोबर उत्तरं आहेत पहिल्याची य = ५ आणि दुसऱ्याची क्ष = ३. ज्यांची बरोबर येतात त्यांना 'का?' विचारलं की म्हणतात, "मॅडम, घातांकीला बाहेरचा आकडा, लॉगला आतला आकडा." मग मी य = (२^क्ष + ६)/२ देते. बाहेरचा आकडा ६ म्हणून उत्तर येतं य = ६. ते चूक आहे. म्हणजे बरोबर उत्तर देणाऱ्यालाही दुखणं आहेच, फक्त अजून वर आलेलं नाही.

चूक सगळ्यांची एकाच जागी होत असेल तर ती मुलांच्या आळसामुळे होत नाही, शिकवण्यात काहीतरी राहून जातं, असं मला मनापासून वाटतं. काय राहतं ते शोधायला मला बरीच वर्षं लागली.

पहिलं कारण शब्दातच आहे. माझ्याकडे येणारी निम्मी मुलं शहराच्या पूर्व भागातली. घरात तेलुगू, शाळेत दहावीपर्यंत मराठी आणि अकरावीला एकदम इंग्रजी पुस्तक. त्यांच्या कानावर 'असिम्प्टोट' हा शब्द एखाद्या औषधाच्या नावासारखा पडतो. तो काही सांगत नाही, म्हणून मुलं त्याच्यामागे एक सूत्र चिकटवून मोकळी होतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'एकत्र न येणारी' असा आहे; ग्रीक गणिती अपोलोनियसने शांकवांवरच्या ग्रंथात तो वापरला, त्याला बावीसशे वर्षं झाली. मराठीत आपण तिला अनंतस्पर्शी म्हणतो. ग्रीक शब्द म्हणतो की रेषा आणि वक्र भेटत नाहीत. मराठी शब्द म्हणतो की भेटतील, पण अनंतावर. मला मराठी शब्द जास्त कामाचा वाटतो, कारण कुठे बघायचं ते तो सांगतो. जिथे काहीतरी अनंताकडे चाललं आहे, तिथे बघ. आणि बघताना एकच विचार: विरतं काय आणि उरतं काय?

चहाचा पेला

मे महिन्यात सोलापुरात पारा चाळिशीच्या वर असतो आणि बंद खोलीत पंख्याखालीसुद्धा ३८ अंश सहज भरतात. एका मेमध्ये मी वर्गात झाकण ठेवलेला स्टीलचा पेलाभर चहा ठेवला आणि मुलांना विचारलं, "हा असाच रात्रीपर्यंत राहिला तर किती अंशांवर जाईल?"

सगळे एका सुरात म्हणाले, "खोलीइतका होईल."

"शून्य अंश नाही होणार?"

हसले सगळे. सोलापुरात, मे महिन्यात, चहाचा बर्फ! मग मी फळ्यावर लिहिलं:

य = ३८ + ४८·२^(−क्ष/१५)

क्ष म्हणजे मिनिटं, य म्हणजे चहाचं तापमान. आकडे हिशोबाला सोपे जावेत म्हणून सोयीचे घेतले आहेत, पण नियम खरा आहे. गरम वस्तू आणि भोवतालची हवा यांच्यातला फरक ठरावीक वेळात ठरावीक पटीने घटत जातो, हे न्यूटनने १७०१ साली मांडलं आणि साध्या परिस्थितीत ते बऱ्यापैकी जुळतं. इथे दर १५ मिनिटांनी फरक निम्मा होतो. सुरुवातीला चहा ८६, म्हणजे फरक ४८. पंधरा मिनिटांनी फरक २४, चहा ६२. अर्ध्या तासाने ५०. पाऊण तासाने ४४. एका तासाने ४१. दोन तासांनी ३८.२ च्या आसपास.

आता विरलं काय? ४८·२^(−क्ष/१५) हा तुकडा. जुनी चादर धुऊन धुऊन विरत जाते तसा तो विरत गेला. उरलं काय? ३८. म्हणून असिम्प्टोट य = ३८.

ज्या मुलीने वहीत सरळ य = ० लिहिलं होतं ती म्हणाली, "मॅडम, मग शून्य कधी येतं?" फार चांगला प्रश्न होता तो. जेव्हा उरायला दुसरं काही नसतं तेव्हा शून्य येतं. य = २^क्ष मध्ये सगळं विरून गेल्यावर मागे काहीच राहत नाही, म्हणून य = ०. पुस्तकात पहिला आलेख २^क्ष चा असतो, तोच डोळ्यांत बसतो, आणि 'घातांकी म्हणजे य = ०' हा एका खास उदाहरणाचा निकाल नियम होऊन बसतो. डिसेंबरात खोली २२ अंशांवर असेल तर त्याच पेल्याची रेषा य = २२ होईल.

याच उदाहरणावर आणखी दोन गाठी सुटतात. फ्रीजमधली ८ अंशांची बाटली त्याच खोलीत ठेवली तर

य = ३८ − ३०·२^(−क्ष/१५)

८ वरून २३, मग ३०.५, मग ३४.२५ असं ते पाणी चढतं. ऋण चिन्ह दिसलं की मुलं रेषाच बदलतात, −३८ लिहितात किंवा ३८ − ३० करून ८ लिहितात. रेषा हलत नाही; फक्त वक्र तिच्याकडे वरून येण्याऐवजी खालून येतो. चहा वरून उतरला, पाणी खालून चढलं, खोली तीच. ८ हा क्ष = ० चा मुक्काम आहे, शेवटचा नाही.

(इथे माठाचं उदाहरण देऊ नका. मी एकदा दिलं आणि फसले. पाझरलेल्या पाण्याचं बाष्पीभवन होत राहतं म्हणून माठातलं पाणी खोलीपेक्षा गार राहतं. त्याची रेषा ३८ नसते. चहाच्या पेल्यावर झाकण हवं ते त्याच कारणासाठी.)

दुसरी गाठ म्हणजे दिशा. चहाची रेषा क्ष वाढत जातो त्या बाजूला आहे, उजवीकडे. २^क्ष ची डावीकडे आहे, कारण घातांक ऋण होत जातो तो डावीकडे. दुसऱ्या बाजूला वक्र रेषेला सोडून पार निघून जातो. त्यामुळे 'य = ५ ही असिम्प्टोट' एवढं लिहून थांबू नका, 'क्ष ऋण अनंताकडे जाताना' हेही लिहा. ते लिहिताना हात थांबतो, डोकं चालतं आणि निम्म्या चुका तिथेच सापडतात.

मग क्ष − ३ मधल्या तीनचं काय होतं?

मुलांना सर्वात जास्त हा तीन छळतो. आलेख तीन घरं उजवीकडे सरकतो हे पाठ असतं, म्हणून वाटतं की रेषाही सरकायला हवी. यावर मी दोन उत्तरं देते. सोपं असं की आडवी रेषा आडवी सरकवली तर जागच्या जागीच राहते. जमिनीवर लांबच लांब दोरी पसरली आहे, दोन्ही टोकं दिसत नाहीत. ती लांबीच्या दिशेने तीन फूट ओढली तर कुणाला कळेल?

दुसरं उत्तर मला जास्त आवडतं. २^(क्ष − ३) म्हणजे २^क्ष भागिले ८. तीन घरं सरकवणं आणि आठाने भागणं ही एकच क्रिया आहे! आणि विरून शून्याकडे चाललेल्या गोष्टीचा आठवा भागही शून्याकडेच जाणार. म्हणून घातांकातल्या तीनने उरणाऱ्या संख्येवर काही परिणाम होत नाही.

आता (२^क्ष + ६)/२ बघा. क्ष डावीकडे दूर गेला की २^क्ष विरतो, उरतात ६/२ म्हणजे ३. रेषा य = ३. तसंच २(३^क्ष − ४) मध्ये ३^क्ष विरला की उरतात −८. 'बाहेरचा आकडा' शोधणारा इथे ६ आणि −४ घेऊन बसतो. विरणारा तुकडा पेन्सिलने खोडा आणि उरलेलं गणित पूर्ण करा. मुलांना मी खरोखर खोडायला लावते. वहीत २^क्ष वर आडवी रेघ मारून शेजारी ० लिहायचा.

लॉगचं दुखणं वेगळं

लॉग हे घातांकी फंक्शनचं उलटं फंक्शन, म्हणून य = क्ष या रेषेत एकाचं प्रतिबिंब दुसरं. आडवी रेषा प्रतिबिंबात उभी होते. एवढं सगळ्या पुस्तकांत असतं आणि मुलांनाही येतं. तरी चूक होते, कारण मुलं घातांकीची सवय तशीच इकडे आणतात आणि + ५ कडे धावतात. लॉगमध्ये + ५ ने वक्र वर सरकतो, आणि उभी रेषा उभ्या दिशेने सरकवली तर जागची हलत नाही. मघाचीच दोरी, फक्त उभी टांगलेली.

लॉगसाठी प्रश्न असा विचारायचा: कंसातली राशी शून्याला कुठे टेकते? लॉग फक्त धन संख्येचा असतो. धन संख्या शून्याच्या जवळ सरकत गेली की लॉग खाली खाली कोसळत जातो: ०.१ चा −१, ०.०१ चा −२, ०.००१ चा −३, आणि त्याला तळ नाही. पाया १ पेक्षा लहान असेल तर कोसळण्याऐवजी वर उसळतो, पण जागा तीच. म्हणून कंस = ० हे समीकरण सोडवायचं. 'सोडवायचं' यावर माझा भर आहे, 'बघायचं' नाही. लॉग(२क्ष + ७) बघून मुलं क्ष = −७ लिहितात; सोडवलं तर −३.५ येतं. लॉग(६ − २क्ष) ची रेषा क्ष = ३, पण वक्र तिच्या डावीकडे, कारण ३ च्या पुढे कंस ऋण होतो. वक्र कोणत्या बाजूला आहे हे लिहायची सवय इथेही उपयोगी पडते.

लॉग(क्ष² − ४) ला दोन रेषा आहेत, क्ष = २ आणि क्ष = −२; दोन्हींच्या मध्ये आलेखच नाही, नुसती रिकामी गल्ली. लॉग(क्ष² + १) ला एकही उभी रेषा नाही, कारण तो कंस कधीच शून्याला टेकत नाही. 'लॉग आहे म्हणजे रेषा असणारच' असं धरून चालणारा इथे काहीतरी बनवून लिहितो. शिवाय लॉग(क्ष²) आणि २·लॉग(क्ष) हे सारखे धरू नका; पहिल्यात वक्र क्ष = ० च्या दोन्ही बाजूंना आहे, दुसऱ्यात फक्त उजवीकडे. शाळेतला लॉगचा नियम क्ष धन असेपर्यंतच तसा चालतो.

डोळे फसवतात, मोबाईलही फसवतो

यावर मला सविस्तर लिहायचं आहे, कारण अलीकडे चुकांचा मोठा वाटा इथून येतो. मुलं फंक्शन जिओजेब्रा किंवा डेस्मॉस या आलेख काढणाऱ्या ॲपमध्ये टाकतात आणि चित्र बघून उत्तर लिहितात. दोन्ही साधनं उत्तम आहेत, मी स्वतः वापरते. पण असिम्प्टोट ही चित्रात दिसणारी गोष्टच नाही.

पहिला फसवा अनुभव: "मॅडम, लॉगचा आलेख −३ च्या आसपास संपतो." स्क्रीनवर रेघ खरंच हवेत तुटल्यासारखी दिसते. आलेख-कागदावर १ सेंटीमीटर म्हणजे १ एकक घ्या. लॉग(क्ष) चा वक्र −३ ला पोचतो तेव्हा तो उभ्या अक्षापासून ०.००१ सेंटीमीटरवर असतो, म्हणजे एका मिलिमीटरचा शंभरावा भाग. दहा सेंटीमीटर खाली यायचं तर अक्षापासूनचं अंतर १०^(−१०) सेंटीमीटर होईल. ते अणूच्या व्यासाच्याही साधारण शंभराव्या भागाइतकं आहे. कुठला स्क्रीन ते दाखवणार? वक्र संपत नाही, अक्षाच्या रेघेत लपतो.

दुसरा अनुभव याच्या उलटा, आणि त्याने हुशार मुलंही फसतात: "लॉगचा आलेख उजवीकडे सपाट होतो, म्हणजे त्याला आडवी असिम्प्टोटही असेल." तो सपाट होत जातो हे खरं. पण कोणत्याही छताखाली थांबत नाही. तोच कागद, १ सेंटीमीटरला १ एकक, आणि कागदाची पट्टी आपल्या गल्लीतून पुण्याच्या रस्त्याला उलगडत न्यायची. एक मीटरवर वक्राची उंची २ सेंटीमीटर. एक किलोमीटरवर ५. पुणे इथून सुमारे २५० किलोमीटर, म्हणजे अडीच कोटी सेंटीमीटर. पट्टी पुण्यात पोचेल तेव्हा उंची असेल ७.४ सेंटीमीटर. एवढा प्रवास, आणि वक्र बोटाच्या उंचीइतका! दहा सेंटीमीटर उंची गाठायला पट्टी एक लाख किलोमीटर लागेल, म्हणजे पृथ्वीला अडीच वेढे. पण लागेल तेवढी पट्टी दिली की तो १० गाठतो, ११ गाठतो, १०० सुद्धा गाठतो. हळू चढणं वेगळं आणि थांबणं वेगळं. चहा ३८ वर थांबू पाहतो. लॉग कुठेच थांबू पाहत नाही.

हे पट्टीचं उदाहरण सांगितल्यावर एका मुलाने घरी जाऊन अक्कलकोट, विजापूर, हैदराबाद अशी सगळी अंतरं काढून लॉग घेतले आणि दुसऱ्या दिवशी वही आणून दाखवली. सगळी उत्तरं ६ ते ८ च्या मधे. त्या वहीनंतर त्याला लॉगची आडवी रेषा कधी सुचली नाही.

तिसरा अनुभव: "२^क्ष डावीकडे अक्षाला टेकतो." पाच सेंटीमीटर डावीकडे गेलात की वक्राची उंची १/३२ सेंटीमीटर, सुमारे ०.३ मिलिमीटर. तुमच्या पेन्सिलची लीड ०.५ ची. रेघेची जाडीच अंतरापेक्षा मोठी, म्हणून दोन्ही रेघा एक दिसतात. कॅल्क्युलेटरचंही असंच. साध्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर २ चा −५०० वा घात मागा, तो ० दाखवतो. ती संख्या शून्य नाही. त्याच्या आवाक्यापेक्षा लहान आहे एवढंच.

म्हणून माझ्या वर्गात क्रम ठरलेला आहे. आधी कागदावर उत्तर, नंतर मोबाईलवर तीच रेषा वेगळ्या रंगात काढायची आणि वक्र तिच्याकडे सरकतो का ते बघायचं. चित्र उत्तर तपासायला घ्या, शोधायला नको.

नियम मोडणारी उदाहरणं

'विरतं काय, उरतं काय' आणि 'कंस कुठे शून्याला टेकतो' या दोन प्रश्नांत बहुतेक गणितं सुटतात. सीईटी किंवा जेईईच्या तयारीत मात्र अशी येतात जिथे दोन्ही प्रश्न एकत्र विचारावे लागतात.

य = २^(१/क्ष). घातांकी आहे म्हणून मुलं फक्त आडवी रेषा शोधतात. क्ष खूप मोठा झाला, धन किंवा ऋण, की १/क्ष विरतो, उरतो २^० म्हणजे १. रेषा य = १, दोन्ही बाजूंना. पण शून्याजवळ बघा. क्ष = ०.१ ला २^१० म्हणजे १०२४, क्ष = −०.१ ला १/१०२४. उजवीकडून येताना वक्र आकाशात जातो, डावीकडून येताना शून्याकडे शांतपणे उतरतो. उभी असिम्प्टोट क्ष = ० आहे, पण एकाच बाजूने.

य = ६०/(१ + २^(−क्ष)). साठ मुलांच्या वर्गात एखादी बातमी पसरत जाते तसा हा वक्र चालतो, आधी हळू, मग झपाट्याने, मग पुन्हा हळू. उजवीकडे २^(−क्ष) विरतो आणि उरतात ६०. डावीकडे तोच तुकडा प्रचंड होतो आणि अख्खा अपूर्णांक विरतो, उरतं ०. दोन आडव्या रेषा, य = ६० आणि य = ०. 'घातांकीला एकच असिम्प्टोट' हे इथे मोडतं.

य = लॉग((क्ष − १)/(क्ष + २)). कंस १ ला शून्य होतो, तिथे वक्र खाली कोसळतो. −२ च्या डावीकडून जवळ गेलात तर छेद विरतो, कंस अनंताकडे जातो आणि लॉगही वर जातो. म्हणजे फक्त 'कंस शून्य' पुरत नाही, कंस फुटतो कुठे तेही बघायचं. आणि क्ष फार दूर गेला की कंस १ कडे जातो, १ चा लॉग ०, म्हणून लॉग असूनही इथे आडवी रेषा य = ० आहे.

य = क्ष·लॉग(क्ष). याने मला स्वतःला कॉलेजात असताना पकडलं होतं. कंस ० ला शून्य होतो, म्हणून क्ष = ० लिहून मी मोकळी झाले होते. आकडा घालून बघा: क्ष = ०.००१ ला लॉग −३, पण गुणाकार −०.००३. लॉग कोसळतो त्यापेक्षा क्ष जास्त वेगाने विरतो, म्हणून वक्र शून्याकडे सरळ येतो. उभी असिम्प्टोट नाही. फंक्शन जिथे सुरू होतं ती प्रत्येक सीमा असिम्प्टोट नसते.

आणि एक समज, जो वर्गावर्गात पसरलेला आहे: 'वक्र असिम्प्टोटला कधीच छेदत नाही.' नुसत्या घातांकी किंवा नुसत्या लॉगसाठी हे खरं. पण य = क्ष·२^(−क्ष) ची उजवीकडची रेषा य = ० आहे (क्ष = १० ला उंची ०.०१ हून कमी), आणि वक्र क्ष = ० ला त्याच रेषेतून जातो. लॉग(क्ष)/क्ष हाही क्ष = १ ला आपल्या आडव्या रेषेला छेदतो. अनंतावर काय होतं त्याच्याशी रेषेचा संबंध; वाटेत कुठे भेट झाली तर बिघडत नाही.

सगळ्यात सुंदर उदाहरण शेवटी देते: य = लॉग(१ + २^क्ष), इथे पाया २ घ्या. डावीकडे २^क्ष विरतो, १ चा लॉग ०, रेषा य = ०. उजवीकडे विरण्यासारखा तुकडा म्हणजे तो १! २^क्ष समोर त्याची काय मातब्बरी, उरतो लॉग(२^क्ष) म्हणजे क्ष. रेषा य = क्ष, तिरपी. क्ष = १० ला उत्तर १०.००१४, क्ष = −१० ला ०.००१४. दोन्हीकडे रेषेपासूनचं अंतर अगदी सारखं. मुलांना मी हे का ते शोधायला सांगते आणि उत्तर सांगत नाही.

सरावासाठी पाच. आधी वहीत विरणाऱ्या तुकड्यावर रेघ मारा, मग खाली बघा.

अ) य = ७ − (१/३)^क्ष
आ) य = (५·२^क्ष − १२)/४
इ) य = लॉग(९ − क्ष²) + २
ई) य = ३^(क्ष + ४)·२ − १
उ) य = लॉग(२^क्ष − ८), पाया २

उत्तरं: अ) य = ७, उजवीकडे, वक्र खालून येतो. आ) य = −३, डावीकडे. इ) क्ष = ३ आणि क्ष = −३, वक्र दोन्हींच्या मधे; + २ चा संबंध नाही. ई) य = −१, डावीकडे; ४ आणि २ दोन्ही बिनकामाचे. उ) दोन रेषा: कंस शून्याला टेकतो ती क्ष = ३, वक्र तिच्या उजवीकडे; आणि क्ष मोठा झाला की २^क्ष समोर ८ विरतात, म्हणून य = क्ष. पाचव्यात ज्याला फक्त क्ष = ३ सापडलं त्याने वरचं तिरप्या रेषेचं उदाहरण वही उघडून स्वतःच्या हाताने पुन्हा एकदा करावं.